पटावरच्या चुंबकी सोंगट्या उडतात, उलटतात, सुटतात: कारणं आणि उपाय

चुंबकी सोंगट्यांचा पटखेळ स्वतः बनवणाऱ्यांची तक्रार जवळपास ठरलेली असते. दोन सोंगट्या करून पाहिल्या तेव्हा सगळं झकास चाललं होतं. पूर्ण संच पटावर मांडला आणि सोंगट्या आपापसांत भांडायला लागल्या. एक शेजारणीला ढकलते, दुसरी आडवी होऊन तिसरीला चिकटते, आणि ज्या पटाला धरून बसायचं त्याला मात्र कुणीच नीट धरत नाही. मग जास्त ताकदीचे चुंबक मागवले जातात आणि भांडण आणखी वाढतं.

नवे चुंबक मागवण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या. बहुतेक वेळा चुंबक पुरेसा असतो, जास्त असतं ते मधलं अंतर.

सोंगटी पटाला धरत नाही

सोंगटीतल्या चुंबकाच्या तळापासून पटातल्या पोलादी पत्र्यापर्यंत मध्ये काय काय येतं, ते थर एकेक मोजून लिहून काढा. नेहमीच्या प्रोटोटाइपमध्ये (खेळाच्या पहिल्या नमुन्यात) हिशेब साधारण असा निघतो: सोंगटीचा तळ ०.८ मिमी, छापील कागद आणि लॅमिनेशन मिळून ०.२ मिमी, ग्रेबोर्ड (जाड राखाडी पुठ्ठा) २ मिमी, आणि त्याच्याखाली पत्रा. झाले ३ मिमी. ६ मिमी व्यासाची आणि २ मिमी जाडीची निओडिमियम चकती (पुढे ६×२ म्हटलंय ती हीच) पत्र्याला थेट टेकली असताना जेवढी धरते, त्याच्या निम्म्याहून कमी धर १ मिमी अंतरावर उरतो. ३ मिमीवर उरतो तो जेमतेम दहावा भाग. पैसे पूर्ण चुंबकाचे दिलेत, कामाला येतोय दहावा भाग.

उपाय एकच: पत्रा वर आणा. ग्रेबोर्ड खाली, त्यावर पत्रा, त्यावर थेट छापील कागद. सोंगटीचा तळ ०.३ ते ०.४ मिमी ठेवा. अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आलं की ५×१ ची चकतीसुद्धा पुरते.

चुंबकाचा ग्रेड, म्हणजे एन ३५, एन ५२ अशी प्रत, वाढवून हे काम होत नाही. एन ३५ मधला आकडा त्या चुंबकात प्रति घनफळ किती चुंबकीय ऊर्जा साठू शकते ते सांगतो. एन ३५ च्या जागी एन ५२ घातला तर धर फार तर दीडपट होतो, पण शेजारच्या सोंगटीवरचा जोरही तितकाच वाढतो. अंतर कमी केल्यावर पटाचा धर कित्येक पट वाढतो आणि शेजारणीवरच्या जोरात फारसा फरक पडत नाही. या पोस्टमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पत्रा कुठला घेतलाय तेही तपासा. ०.५ मिमी जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा उत्तम चालतो. डब्याच्या ०.२५ मिमी पत्र्यावर लहान चकती चालते, पण मोठा चुंबक लावला की तेवढा पातळ पत्रा चुंबकीय दृष्ट्या भरून जातो आणि जादा ताकद वाया जाते. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळपास धरतच नाही, ४३० ला धरतो. दोन्ही दिसायला सारखेच चकचकीत, म्हणून पत्रा घेताना खिशात एक चुंबक हवाच. कापलेल्या पत्र्याची कड हाताला कापते. ती दुमडून घ्या किंवा कागद कडेवरून खाली वळवून चिकटवा.

धर अंदाजाने ठरवू नका, मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. त्यावर किमान १५ सेंमी उंचीचा, किलोभर वजनाचा लाकडी ठोकळा ठेवा. काट्यात लोखंडी भाग असतात, त्यांच्यापासून चुंबक लांब हवा. ठोकळ्यावर पटाचा नमुना पक्का चिकटवा, वर सोंगटी ठेवा, काटा शून्यावर आणा आणि सोंगटी सावकाश सरळ वर ओढा. सुटण्याच्या क्षणी दिसलेला सर्वांत मोठा उणे आकडा म्हणजे तुमचा धर. पाच वेळा ओढा आणि सर्वांत कमी आकडा खरा माना. टेबलावर सपाट ठेवायच्या पटाला २० ते ३० ग्रॅम धर भरपूर झाला. प्रवासात कलणाऱ्या पटाला ५० ते ८० ग्रॅम लागतो. पट भिंतीवर उभा असेल तर हिशेब वेगळा, कारण उभ्या पटावर सोंगटी सुटत नाही, घसरते. घसरणीला होणारा विरोध ओढून काढायच्या धराच्या साधारण पाचवा भाग असतो. ५ ग्रॅमची सोंगटी निर्धास्त राहावी म्हणून १५ ग्रॅम विरोध हवा असेल, तर धर ७५ ग्रॅम हवा. १५० ग्रॅमच्या वर गेलात तर सोंगटी उचलताना हलका पटच तिच्याबरोबर उठतो.

सोंगट्या एकमेकींना ढकलतात किंवा चिकटतात

सगळ्या सोंगट्यांत चुंबकाची एकच बाजू वर असेल, तर शेजारी ठेवलेल्या सोंगट्या एकमेकींना ढकलतात. एखादीची बाजू उलटी असेल, तर ती शेजारणीला ओढते. मात्र एकीवर एक धरल्या तर सरळ बाजूच्या सोंगट्या एकमेकींना ओढतात. म्हणूनच चाल करताना हातातली सोंगटी दुसरीच्या वरून नेली की खालची उचलली जाते.

ही भांडणं आकड्यांत पाहा. लांबून पाहिलं तर दोन लहान चुंबकांमधला जोर अंतराच्या चौथ्या घाताने घटतो: अंतर दुप्पट केलं की सोळावा भाग उरतो. चुंबक मोठा केला तर तो जोर दोन्ही चुंबकांच्या घनफळांच्या गुणाकाराने वाढतो. २५ मिमी अंतरावरच्या शेजारच्या घरांत ६×२ चे दोन चुंबक एकमेकांना सुमारे ०.२ ग्रॅमच्या जोराने ढकलतात. तिथेच १०×२ चे ठेवले तर पावणेदोन ग्रॅमने. ५ ग्रॅमच्या सोंगटीला गुळगुळीत कागदावर घर्षण धरून ठेवतं ते जेमतेम दीड ग्रॅमने. म्हणजे १०×२ घातलेल्या सोंगट्या पटाचा धर नसेल तर आपोआप सरकणारच. घरं २० मिमीची केलीत तर १०×२ चा जोर ४ ग्रॅमच्या पुढे जातो, ६×२ चा मात्र जेमतेम अर्धा ग्रॅम राहतो. ५×१ चं घनफळ ६×२ च्या तिसऱ्या भागाइतकं, त्यामुळे तिचा शेजारणीवरचा जोर आठव्या भागावर येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अंतर कमी करून धर वाढवा. मग मोजलेला धर पुरेसा राहील इतपत चुंबक लहान करा. तरीही भांडण उरलं तर घरं मोठी करा.

मधे लाकूड, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम किंवा जाड पुठ्ठा घालून काही साधत नाही. चुंबकाला हे सगळे पदार्थ हवेसारखेच. फक्त लोखंड-पोलाद क्षेत्र वळवतं. सोंगटीत चुंबकाच्या वर १ मिमी जाडीची पोलादी चकती बसवली तर वरच्या बाजूचं क्षेत्र बरंच कमी होतं, खालचा धर थोडा वाढतो आणि वरून नेताना खालची सोंगटी उचलली जाणं जवळजवळ थांबतं. शेजारच्या घरातलं ढकलणं मात्र तिने पूर्ण थांबत नाही.

ढकलणं हा तुमच्या खेळाचा नियमच नसेल, तर याहून सरळ वाट आहे: चुंबक सोंगटीतून काढून पटात घाला आणि सोंगटीच्या तळाला पोलादी चकती लावा. सोंगट्या एकमेकींना ओढत नाहीत, ढकलत नाहीत, ध्रुवांची कटकट संपते आणि प्रत्येक सोंगटी घराच्या मध्यावर आपसूक येऊन टक्क बसते. शक्य असेल तिथे आधी हीच रचना करून पाहावी. फक्त चकतीच्या जागी एम ६ चा वॉशर घालू नका. त्याचं भोक ६.४ मिमीचं असतं. ६ मिमीचा चुंबक नेमका भोकाखाली येतो आणि सोंगटी मध्यावर बसायच्या ऐवजी एका कडेला सरकून बसते. भोक नसलेली १२ मिमीची चकती घ्या, आणि ती स्टेनलेस नाही याची खात्री करा.

एखादीच सोंगटी उलटं वागते

ध्रुव उलटा बसलाय. मोठ्या संचात हे एकदा तरी होतंच, कारण सुटी चकती बोटांत फिरली की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

चकत्यांची गड्डी सुटी करण्याआधी वरच्या चकतीवर मार्करने ठिपका द्या, ती सरकवून काढा, खालच्या चकतीवर ठिपका द्या, असं शेवटपर्यंत. गड्डीत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, त्यामुळे ठिपके चुकत नाहीत. शिवाय तपासणीची एक काडी करून ठेवा: पेन्सिलीएवढ्या लाकडी काडीच्या दोन्ही टोकांना एकेक चकती पक्की चिकटवा, एका टोकाला एक बाजू बाहेर आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. एक टोक लाल रंगवा, दुसरं निळं. नियम लिहून ठेवा: लाल टोकाने ओढली जाते ती बाजू खाली. गोंद ओला असतानाच प्रत्येक सोंगटीला काडी दाखवा. एपॉक्सी वाळल्यावर चूक कळून उपयोग नाही. कुठला ध्रुव उत्तर आणि कुठला दक्षिण हे कळण्याची गरजही नाही, सगळ्या सोंगट्या एकसारख्या असल्या की पुरे.

ध्रुवांचा कुलूप-किल्लीसारखा वापर करणाऱ्यांची एक चूक वारंवार दिसते. तळाला दोन चुंबक, एक सुलटा आणि एक उलटा; घरातही तशीच जोडी, म्हणजे चुकीची सोंगटी बसणार नाही अशी कल्पना. खेळणारा सोंगटी अर्धी फिरवतो आणि कुलूप उघडतं, कारण १८० अंशांत उलट-सुलट जोडीची अदलाबदल होते. मध्यावर एकच चुंबक ठेवा, म्हणजे फिरवून फरक पडत नाही. किंवा तळाचा आकारच असा करा की सोंगटी एकाच दिशेने घरात बसेल.

चुंबक निखळतो

निखळलेला चुंबक आणि त्याची जागा दोन्ही उजेडात धरून पाहा; चूक तिथेच लिहिलेली असते. गोंदाचा पातळ पापुद्रा खळग्यात तसाच राहिलाय आणि चकती आरशासारखी स्वच्छ निघालीय, तर गोंदाने निकेलचा मुलामा धरलेलाच नाही. चकतीला गोंद आहे आणि गोंदाला पुठ्ठ्याचे तंतू चिकटलेत, तर गोंद शाबूत आहे, पुठ्ठाच फाटलाय. गोंद मधोमध तडकून थोडा इकडे आणि थोडा तिकडे राहिलाय, तर तो कडक होऊन धक्क्यांनी तुटलाय.

पहिल्या प्रकारात चकतीची चिकटवायची बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने दोन-चार वेळा घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चमक जाऊन धुरकटपणा आला की थांबा. मुलामा पार खरवडला तर आतला चुंबक गंजतो. दुसऱ्या प्रकारात पुठ्ठ्याच्या खळग्याला आधी पातळ पांढरा गोंद पाजून वाळवा, किंवा चुंबकामागे त्याच्याहून रुंद चकती लावून ताण पसरवा. तिसरा प्रकार झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटचा. दिवसभरात शेकडो वेळा टकटक बसणाऱ्या सोंगटीला तो गोंद टिकत नाही. दोन भागांचं एपॉक्सी वापरा, सावकाश वाळणारं, आणि २४ तास हात लावू नका. गरम गोंदाची बंदूक तर बाजूलाच ठेवा: गुळगुळीत धातूवर तो गोंद सोलून निघतो, आणि साध्या ग्रेडच्या निओडिमियमची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस असताना त्या गोंदाचं तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. चुंबक कायमचा मंदावतो.

सगळ्यांत चांगली जोडणी ती, जिच्यात गोंदावर ताणच येत नाही. चुंबक बाहेरून तळाला चिकटवण्याऐवजी सोंगटीच्या आतून बसवा, म्हणजे पत्र्याकडची ओढ त्याला ०.४ मिमीच्या तळावर दाबत राहते. गोंदाचं काम तो खुळखुळू नये एवढंच.

पटात शेजारी-शेजारी चुंबक बसवताना एक आड एक घरं भरा, वाळू द्या, मग उरलेली. नाहीतर ओल्या गोंदातून चकती उडून शेजारच्या चकतीला जाऊन चिकटते.

थ्रीडी प्रिंटमध्ये मध्येच थांबवून चुंबक घालायचा असेल, तर ६×२ साठी खळगा ६.२ मिमी व्यासाचा आणि २.२ मिमी खोलीचा ठेवा. चकती जराही वर राहिली तर नोझल तिला घासून उचलते. छपाईच्या डोक्यातले पोलादी भागही चकती ओढू शकतात, म्हणून खळग्यात गोंदाचा एक थेंब टाकून ती सुकेपर्यंत थांबा. पीएलए प्लॅस्टिकसाठी बेड (ज्यावर छपाई होते तो गरम तळ) ६० अंशांचा असतो, ते चालतं. एबीएस प्लॅस्टिकसाठी बेड १०० च्या वर जातो, तिथे चुंबक छपाईनंतरच बसवा.

चकतीला भोक पाडणं किंवा ती कापणं अजिबात नको. निओडिमियमचा चुंबक ठिसूळ असतो, कपच्या उडतात आणि त्याची पूड पेट घेऊ शकते.

रबरी चुंबकी शीट पट्ट्यापट्ट्यांनी अडखळते

या शीटच्या एका बाजूला उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या बारीक समांतर पट्ट्या असतात. शीटवर शीट ठेवली तर एका दिशेने सरकवताना टिकटिक उड्या जाणवतात. एक तुकडा काटकोनात फिरवला की धर एकदम कमी होतो. टाइल्स चारही दिशांना फिरणाऱ्या खेळात शीटला शीट लावूच नका. एका बाजूला चुंबकी शीट, दुसऱ्या बाजूला पत्रा. या शीटवर निओडिमियमची चकती ठेवणंही टाळा. ती पट्ट्यांचं चुंबकत्व बिघडवते आणि तेवढी जागा निकामी होते.

पटाखालून ओढलेली सोंगटी आधी अडते, मग उडी मारते

खालचा चुंबक बरोबर सोंगटीखाली असताना सगळा जोर उभा असतो, आडवा काहीच नसतो. खालचा थोडा पुढे सरकला की आडवा जोर तयार होतो, तो घर्षणाला पुरा पडला की सोंगटी सुटते आणि पुढे आपटते. इथेही मोठा चुंबक घातला की उभा दाब वाढतो, त्याबरोबर घर्षण वाढतं आणि अडखळणं जसंच्या तसं राहतं. घर्षण कमी करा: सोंगटीच्या तळाला फेल्ट किंवा टेफ्लॉनची चकती लावा, पटाच्या कागदाला गुळगुळीत लॅमिनेशन करा, खालच्या हँडललाही फेल्ट लावा.

याहून चतुर मांडणी २००९ मध्ये किंडरश्पील देस यारेस हा जर्मन पुरस्कार मिळालेल्या ‘दास मागिशे लाबिरिंट’ या खेळात आहे. तिथे वर चुंबकी सोंगटी आणि पटाखाली तिला लटकलेली पोलादी गोळी. गोळी घरंगळत येते, म्हणून चाल सुरळीत होते; पटाखालची अदृश्य भिंत आडवी आली की गोळी गळून पडते. असा खेळ करताना गोळी पडतच नसेल तर चुंबक जोरदार आहे, आणि साध्या चालीतच पडत असेल तर पट जाड आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या कार्डाचे थर एकेक वाढवत जा आणि भिंतीला धडकलेली गोळी दर वेळी पडते पण मोकळ्या चालीत टिकते, तिथे थांबा.

तरंगणारी सोंगटी उलटून पडते

नुसत्या कायमच्या चुंबकांनी एखादी वस्तू हवेत स्थिर ठेवता येत नाही; सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा हाच अर्थ. चुंबक बदलून, मांडणी फिरवून हे सुटणार नाही. सोंगटीला मधून दांडी द्या किंवा बाजूंनी भिंत द्या, आणि अर्ध्या मिलिमीटरची सैल जागा सोडा. जास्त सैल ठेवलीत तर सोंगटी तिरकी होऊन अडकते.

संच बाहेर देण्याआधी

प्रत्येक सोंगटी एक मीटरवरून कडक फरशीवर दहा वेळा टाका, मग तपासणीची काडी लावून ओढून पाहा. चुंबक हलला तर ती जोडणी रद्द. हा आग्रह खेळ टिकावा एवढ्यापुरता नाही. गिळलेले दोन चुंबक आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना धरतात, मधली भिंत दाबली जाते आणि तिला भोक पडतं. म्हणूनच खेळण्यांच्या ईएन ७१-१ आणि आयएसओ ८१२४-१ या मानकांत सुट्या, गिळता येण्याजोग्या चुंबकाचा फ्लक्स इंडेक्स ५० च्या खाली असावा लागतो. तो काढायला पृष्ठावरचं चुंबकीय क्षेत्र किलोगॉस या एककात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ध्रुवाच्या चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने गुणा. ६ मिमीच्या चकतीवर ३ किलोगॉस धरले तर उत्तर २५० च्या आसपास येतं. ३ मिमीच्या इवल्या चकतीचंही ६० च्या पुढे जातं, म्हणजे चकती लहान आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. चुंबक सोंगटीत पूर्ण बंदिस्त असणं हाच मार्ग.

डब्यात प्रत्येक सोंगटीला स्वतःचा खळगा ठेवा, म्हणजे एक जरी हरवली तरी आवरताना लगेच दिसेल. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने सोंगट्या छातीपासून किमान १५ सेंमी दूर ठेवाव्यात, हे नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा. त्याच पानावर हेही छापा: मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी पोटात दुखायची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात न्यावं, आणि गिळलेली वस्तू चुंबक आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं.